पुढं इचारा

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातलेत तरी असा दुसरा माणूस मिळायचा नाही, की ज्याला स्वतःच्या घरात स्वतःची एकही वस्तू सापडत नाही आणि तरीही ज्याचं आयुष्यात कधी काही हरवलेलं नाही. हा माणूस म्हणजे माझा मेव्हणा, आमच्या हिचा धाकटा भाऊ. हे मी अभिमानानं सांगतोय, एवढं आधीच ध्यानात ठेवा, कारण पुढं मधूनमधून माझा पारा चढणार आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तो सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. त्याचं घर कुंडलला. मी साताऱ्याला हायस्कुलात मराठीचा मास्तर. या रस्त्यावर त्याची एक आत्या कडेगावला आणि एक मावशी उंब्रजला. झालं! गड्यानं आपला संसार या सगळ्या घरांत पेरून ठेवला होता. प्रत्येक घरी एक ब्रश, एक लुंगी, एक टॉवेल. छत्री उंब्रजला, जुना चष्मा कडेगावला, स्वेटर आमच्याकडे, कारण थंडी साताऱ्यात पडते. एस.टी.तून उतरायचा तो दोन्ही हात मोकळे हलवत. मी एकदा म्हटलं, "अरे, एक पिशवी तरी बाळगावी माणसानं." तर म्हणाला, "दाजी, पिशवी बाळगायची पावण्यानं. मी काय पावणा हाय व्हय?"

आणि गंमत अशी, की कुठली वस्तू कुठं आहे हे त्याला स्वतःला ठाऊक नसायचं. ते घरांना ठाऊक असायचं. एकदा सांगलीत त्याच्या स्कूटरची किल्ली कृष्णेत पडली. घाटावर वाकून काय बघत होता देव जाणे. दुसरी किल्ली कुठल्या घरी आहे ते आठवेना, म्हणून त्यानं एस.टी.डी. बूथवरून आमच्याकडे फोन केला. किल्ली आमच्याकडे नव्हतीच. पण ही लगेच म्हणाली, "आपल्यात न्हाई, पण परवा उंब्रजला गेले होते तेव्हा मावशीच्या देवघराच्या खिळ्याला लटकताना बघितली." म्हणजे वस्तू एकाकडे आणि तिचा ठावठिकाणा दुसऱ्याकडे. मी वैतागून म्हटलं, हा काय संसार आहे का? तर ही माझ्यावरच उखडली. "माझ्या भावाची किल्ली पन्नास कोसांवरनं सापडली. तुम्हाला तुमचं पेन खिशात असून सापडत न्हाई." मी खिसा चाचपला, तर पेन तिथंच, कप्पाळ!

हा असला मुलगा ज्यांच्या पोटी जन्मला ते माझे सासरे, म्हणजे मामा, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. अख्खं कुंडल त्यांना सुभेदारच म्हणायचं. त्यांची एक काळी ट्रंक होती. घरातली प्रत्येक महत्त्वाची चीज त्या ट्रंकेत, ट्रंक खोलीच्या त्याच कोपऱ्यात आणि किल्ली त्यांच्या जानव्याला नसली तरी करदोट्याला. "हर चीज अपनी जगह," हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि दुसरं म्हणजे, "बिनकामाचं बटन चालू ठिवायचं न्हाई." रिकाम्या खोलीत दिवा दिसला, की मामा तो बंद करणारच. कुणाच्याही घरी. लग्नाच्या मांडवातसुद्धा त्यांनी एकदा कोपऱ्यातला पंखा बंद केला होता, आणि त्याखाली नवरदेवाचा बाप झोपलेला होता. या बापलेकांची जुंपायची ती नेहमी एकाच गोष्टीवरून. "हेडक्वार्टर पायजे," मामा गरजायचे. "हेडक्वार्टर न्हाई ती फौज न्हाई, ती जत्रा!" मेव्हणा म्हणायचा, "मग जत्रंत कोण हरावलं आजपतूर, आबा? भोंग्यावर पुकारत्यात की." "आरं, भोंगा म्हंजेच हेडक्वार्टर की रं येड्या!" मेव्हणा मग मान डोलवायचा, पण मनातून नाही.

मामांची आणखी एक रीत इथंच सांगून ठेवतो. पोटच्या पोराला ते तोंडावर चांगलं म्हणत नसत. दृष्ट लागते, असं त्यांचं मत. दहावीला पोरगा तालुक्यात पहिला आला तेव्हा त्यांनी पेढे वाटले, सगळ्या गल्लीत वाटले, आणि पोराला म्हणाले, "सायकल पुसलीस का?" इंजिनिअर झाला तेव्हा म्हणाले, "आता फौजेत न्हाई, शेतात न्हाई, मग करतोस तरी काय?" मेव्हणा हसून सोडून द्यायचा. पण आमच्या हिच्यापाशी एकदा बोलला होता, "ताई, आबांच्या तोंडनं एक डाव 'बरं केलंस' आयकायचंय मला. एकच डाव. मग हवं तर जन्मभर सायकल पुसतो."

आता कॉलेजातली कथा. तिथं एक मोठी मशीन होती, थंड खोलीत ठेवलेली, आणि सगळ्यांच्या नोट्स, प्रश्नपत्रिका, प्रोग्रॅम त्या एकाच मशीनीत. वीज गेली किंवा व्होल्टेज नाचलं की ती बसायची, आणि तिच्याबरोबर अख्खं कॉलेज बसायचं. वीज तर आपल्याकडे सुनेच्या माहेरपणासारखी, कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. मेव्हण्यानं ठरवलं, की मुख्य मशीन ही भानगडच नको. लॅबमधल्या सगळ्या मशीनी तारेनं जोडलेल्या होत्याच. ज्याच्याकडे जे असेल ते त्याच्याकडेच राहू दे, आणि ज्याला हवं असेल त्यानं शेजाऱ्याला विचारावं, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याला. मला ऐकताना वाटलं, हा आपल्या लुंग्यांचाच कारभार कॉम्प्युटरात घालतोय. आणि तसंच होतं ते! प्रोग्रॅम लिहून झाला, एका मुलीनं पहिल्यांदा एक फाइल शोधायला घेतली. तिच्या मशीननं सगळ्या शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि बघताबघता प्रत्येक जण प्रत्येकाला विचारतोय आणि उत्तर कुणीच देत नाही, असा गलका तारांमधून सुरू झाला. तिचा प्रश्न फिरून तिच्याच मशीनीला विचारला गेला म्हणे. सगळे पडदे गोठले. त्याच तारेवर प्राचार्यांचं ऑफिस होतं, तिथलंही काम ठप्प. प्राचार्य सांगलीतले, शांत, शुद्ध बोलणारे. ते म्हणाले, "सर, तुमच्या मशीनी फार बोलक्या आहेत. सत्र संपेपर्यंत त्यांना वळण लागलं तर ठीक, नाहीतर तारा गुंडाळून ठेवा आणि तुम्ही फक्त शिकवा."

त्या आठवड्यात मेव्हणा आमच्याकडे आला तो तोंड पाडून. हिनं पुढ्यात भडंग ठेवलं, त्यानं हात लावला नाही, तेव्हा मला प्रकरण गंभीर आहे हे कळलं. मग तो एकदम म्हणाला, "दाजी, तुमी लग्नाआधी पयल्यांदा कुंडलला आला तवा आमचं घर कसं सापडलं?" मी म्हटलं, "विचारत विचारत." आणि ते सगळं मला आठवलं. आपल्याकडं माणूस 'मला माहीत नाही' असं कधी म्हणत नाही. त्याला तो कमीपणा वाटतो. तो हात लांब करून म्हणतो, "पुढं इचारा." स्टँडवर चहावाल्यानं "पुढं इचारा" म्हटलं, मग पानवाल्यानं, मग एका म्हातारबाबानं, आणि शेवटी चौकातल्या न्हाव्यानं वस्तरा हवेत धरून दिशा दाखवली. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं वळून माझ्याकडे बघत होतं. "बरं," मेव्हणा म्हणाला, "आन् वऱ्हाड घिऊन आला तवा?" तेव्हा मात्र विचारायला लागलंच नव्हतं. आम्ही एस.टी.तून उतरतोय तोवर तो चहावालाच ओरडला होता, "सुभेदारांच्यात व्हय? डाव्या अंगानं जावा!" मेव्हणा उठून उभाच राहिला. "त्याला पयलं म्हायती नव्हतं, मग कुणी सांगितलं? तुमी परत जाताना त्याच्याकडं चा पिला, सांगितलंसा घर सापडलं म्हणून. उत्तर त्याच्या म्होरनं गेलं, त्यानं धरून ठिवलं! माज्या मशीनी नुसतं 'पुढं इचारा' म्हणत्यात, दाजी. म्होरनं गेलेलं उत्तर धरून ठिवत न्हाईत!" आणि भडंगाची बशी उचलून उभ्याउभ्याच फस्त केली.

मग त्यानं तसंच केलं. जी फाइल ज्या ज्या मशीनीवरून पुढं जाईल, त्या मशीननं तिची एक प्रत आपल्यापाशी ठेवायची. पुढच्यानं तेच विचारलं तर पुढं न पाठवता आपणच द्यायची. आणि विचारायचं तेही एकदम सगळ्यांना नाही, आधी दोनतीन जवळच्यांना. सगळी मिळून आठवण ठेवणार, पण प्रत्येकानं थोडीथोडी. गलका थांबला. पोरं खूश. मेव्हणा एवढा खूश, की त्यानं कडेगावच्या आत्याला जाऊन सगळं समजावून सांगितलं आणि आत्यानं त्याला खोबऱ्याच्या वड्या दिल्या. आणि मग परीक्षेचं वेळापत्रक बदललं. बदललेलं वेळापत्रक एका मशीनीत होतं आणि जुन्याच्या प्रती सगळ्या शेजाऱ्यांनी मायेनं जपून ठेवल्या होत्या. अर्धा वर्ग सकाळी हजर झाला, अर्धा दुपारी. प्राचार्य त्याला बोलावून म्हणाले, "सर, चुकीचं उत्तर ताबडतोब द्यायला आमच्याकडे ऑफिसात माणूस आहे. त्यासाठी मशीन कशाला?"

याचं उत्तर त्याला मिळालं ते त्याचं स्वतःचं लग्न ठरताना. वाईचं स्थळ आलं होतं. मुलगी पसंत होती, आता मुलीकडची मंडळी घर बघायला कुंडलला यायची होती. तोवर मामांनी गावातलं घर सोडून मळ्यात नवीन घर बांधलं होतं, आणि गावातलं जुनं घर दूध गोळा करणाऱ्यांना भाड्यानं दिलं होतं. हे गावाला माहीत होतं, नाही असं नाही. पण 'सुभेदारांचं घर' म्हटलं की हात आपोआप जुन्याच दिशेनं लांब व्हायचा. वाईकर मंडळी स्टँडवर उतरली. चहावाला म्हणाला, "डाव्या अंगानं जावा." पानवाला म्हणाला, "हे काय समोरच." न्हाव्यानं तर वस्तरासुद्धा न उचलता मानेनंच दाखवलं. सगळ्यांनी अगदी झटकन उत्तर दिलं आणि सगळ्यांनी चुकीचं दिलं. इकडं मळ्यात सासूबाईंच्या पुरणपोळ्या गार होतायत, आणि तिकडं वाईकर दूध केंद्राच्या ओट्यावर बसलेत. केंद्रावरच्या माणसानं, पाहुणे ते पाहुणे म्हणून, त्यांना पितळीभर दूध दिलं. मुलीचे वडील सगळीकडं रांगेनं मांडलेले कॅन बघून हरखून गेले. "घरात दुधाला काही कमी नाही हं!" असं ते मुलीच्या मामाला म्हणाले. शेवटी मीच सायकल हाणत त्यांना घ्यायला गेलो. शरमेनं माझा जीव अर्धा झाला होता. मेव्हणा मात्र मळ्याच्या वाटेवर उभा, पाहुण्यांना नमस्कार करायच्या आधीच माझ्या खांद्यावर थाप मारून ओरडला, "दाजी, मुदत! दुधाच्या पिशवीवर असती तशी उत्तराला मुदत घालायची! मुदत सपली की टाकून द्यायचं आन् नव्यानं इचारायचं!" वाईकरांना वाटलं, मुलगा दुधाच्याच धंद्यात आहे. लग्न झालं, हे त्या मुलीचं थोर मन. ती अजून म्हणते, "मला आमच्या दादांनी डेअरी बघून दिली, आणि मिळाला हा."

सत्राच्या शेवटी कॉलेजात प्रात्यक्षिक ठरलं. बाहेरचे दोन प्राध्यापक बघायला यायचे होते, आणि तारा राहणार की गुंडाळल्या जाणार हे त्या दिवशी ठरायचं होतं. मेव्हण्याला मात्र प्राध्यापकांची फिकीर नव्हती. त्यानं हिला साताऱ्याहून बोलावलं ते एवढ्यासाठीच, की काहीही करून आबांना आण. आम्हा दोघांबरोबर मामा आले. बंद गळ्याचा कोट, फेटा, हातात काठी. लॅबच्या दारात उभं राहून त्यांनी सगळ्या मशीनींवरून नजर फिरवली आणि विचारलं, "ह्यात मुख्य कंचं?" मेव्हणा म्हणाला, "मुख्य कुणीच न्हाई, आबा." मामा "हं" म्हणाले. मग मेव्हण्यानं पाहुण्यांना समजावून दिलं. कोपऱ्यातल्या एका मशीनीत नोट्सची मूळ फाइल आहे, सकाळपासून दोघातिघांनी ती मागितलेली आहे, आता दाराजवळच्या मशीनीवरून ती शोधून दाखवतो. सगळे दाराकडं वळले. आणि मामा काठी टेकत टेकत कोपऱ्यात गेले, रिकाम्या खुर्चीपुढं उजळलेला पडदा त्यांनी बघितला, आणि खट्! बटण बंद. नेमकी तीच मशीन. ही कपाळाला हात लावून पुटपुटली, "आबा, आवं काय केलंसा!" प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. मेव्हण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो एवढंच म्हणाला, "असू दे. इचार." दाराजवळ बसलेल्या मुलीनं अक्षरं दाबली. आणि फाइल आली! शेजारच्याच्या शेजारच्या मशीनीनं सकाळची प्रत धरून ठेवली होती, तिची मुदत अजून संपलेली नव्हती, तिथून ती सरळ पुढ्यात. बाहेरचे प्राध्यापक खुर्च्या ओढून बसले आणि पुन्हा पुन्हा शोधून बघायला लागले. प्राचार्यांनी मेव्हण्याचा हात हातात घेतला आणि "तारा राहू द्या, सर" म्हणाले. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. पुढं जगभरची पोरं एकमेकांच्या मशीनीतली गाणी शोधायला लागली तेव्हा मी आमच्या स्टाफरूममध्ये छाती ठोकून सांगायचो, हे आमच्या मेव्हण्यानं सांगलीला आधीच केलं होतं. लोक हसायचे. हसू देत.

पण मेव्हणा त्या गर्दीत एकाच तोंडाकडं बघत होता. मामा दाराशी आले, फेटा सारखा केला, आणि म्हणाले, "हितं चा कुठं मिळतो?"

बस्स. एवढंच. मामांना आम्ही चार दिवस साताऱ्याला घेऊन गेलो, आणि स्टँडवर निरोप द्यायला आलेला मेव्हणा हिला हळूच म्हणाला, "तारा गुंडाळल्या असत्या तरी चाललं असतं गं, ताई. पण चा?" त्याचे डोळे भरून आले होते. मला मामांचा असा राग आला, की कऱ्हाड येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही, ते खिडकीला टेकून झोपले होते.

पंधरवड्यानं मेव्हणा सांगलीहून निघाला, नेहमीसारखा मोकळ्या हातानं. मामा तोवर परत कुंडलला गेले होते, जाताना उंब्रज आणि कडेगाव दोन्हीकडं थांबून. कडेगावला आत्या दारातच म्हणाली, "का रं, तुझ्या मशीनीचं बटन दादानं मुद्दाम दाबलं म्हणं?" मेव्हणा चक्रावला. "मुद्दाम? का?" "ते मला न्हाई म्हायती. उंब्रजला लय येळ बसला हुता तो. पुढं इचार." उंब्रजला मावशी छत्री हातात देत म्हणाली, "तुझं आबा सांगत हुतं, हेडक्वार्टर पाडून बघितलं, फौज हालती का. हाललीच न्हाई म्हणं! मिशीवरनं हात फिरवत हुतं." "आन् आनखी काय म्हणालं?" "आनखी तुझ्या दाजीला सांगितलं असंल. पुढं इचार की." चपला न काढता तो आमच्या दारात उभा राहिला. पाणीसुद्धा घेईना. "दाजी, आबा काय म्हणालं?"

मला मामांनी सांगितलं होतं, ओसरीवर बसून, अजिंक्यताऱ्याकडं बघत. आणि वर दम दिला होता, "त्याला तोंडावर सांगायचं न्हाई, जावईबापू. दृष्ट लागती." आता सासऱ्याचा हुकूम कसा मोडायचा? मी मेव्हण्याला म्हटलं, "माझ्याकडं पाठ कर." तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, खोडी केलेल्या पोरासारखा. मग मी त्याच्या पाठीला सांगितलं. मामा म्हणाले होते, "जावईबापू, सारी उमर मला एकच घोर हुता. मी गेल्यावर हे घर कसं चालंल? ट्रंक कोण उघडंल? पोरानं दावलं मला, मुख्य मानूस विझला तरी घर उत्तर देतं. बरं केलं त्यानं. लय बरं केलं. आता मी कवा बी जायाला मोकळा." मेव्हणा भिंतीकडून वळलाच नाही. हिनं त्याच्या अंगावर स्वेटर घातला, थंडी नसताना.

मामा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ट्रंक हिच्या आईनं उघडली, सगळ्या चिजा आपापल्या घरी गेल्या, घर चाललं. मेव्हणा परदेशात आहे, मोठ्या हुद्द्यावर, तिथंही शोधाशोधीचंच काम करतो म्हणे. त्याचा ब्रश आमच्या मोरीत अजून उभा आहे, ही टाकू देत नाही. रविवारी त्याचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं, की दरवेळी तेच विचारतो, "दाजी, त्या दिशी आबा काय म्हणालं हुतं?" मला ते शब्दन् शब्द पाठ आहे, पण मीच सांगून टाकलं तर तो पुढच्या घरी फोन करायचा नाही. मी म्हणतो, "माझ्याकडं नाही बाबा. पुढं इचार." तो हसतो आणि फोन ठेवतो. थोड्या वेळानं मी उंब्रजला मावशीचा नंबर फिरवून बघतो, तर तो एंगेज लागतो. आणखी थोड्या वेळानं कडेगावचा फिरवतो, तोही एंगेज. मग मी फोन ठेवतो आणि हिला हाक मारून सांगतो, "पोचला गं."